कंधारला समुद्र आहे!

नांदेड जिल्ह्याच्या नकाशात समुद्र दाखव म्हटलं तर चौथीतलं पोरही हसेल. अरबी समुद्र इथून चारशे किलोमीटरहून लांब. पण कंधारकरांकडे समुद्र हजार वर्षांपासून आहे आणि त्याचं नाव दगडात कोरलेलं आहे: जगत्तुंगसमुद्र. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा (९३९ ते ९६७) याच्या काळातल्या, कंधारलाच सापडलेल्या शिलालेखात ते येतं. आज लोक त्याला जगत्तुंग सागर म्हणतात, नुसतं ‘तलाव’ म्हटलं तरी गावात कळतं. माणसांनी पाळ घालून अडवलेलं हे पाणी. मन्याड नदीच्या कोरडवाहू खोऱ्यात एवढं पाणी एका जागी साठलेलं पाहिल्यावर ‘समुद्र’ याहून लहान शब्द कुणाला सुचला नसेल, हे मला पटतं.

हा जगत्तुंग कोण?

‘जगात उंच’ असा त्या बिरुदाचा अर्थ. ते मिरवलं गोविंद तिसऱ्यानं (७९३ ते ८१४). हा राजा कनौजपर्यंत चालून गेला. त्याच्या घोड्यांनी हिमालयातल्या झऱ्यांचं पाणी प्यायलं, अशी फुशारकी संजानच्या ताम्रपटात आहे. त्याचा मुलगा अमोघवर्ष याच्या काळातला, इसवी सन ८७१ चा तो ताम्रपट. घराण्यात आणखी एक जगत्तुंग होता: कृष्ण दुसऱ्याचा मुलगा. तो बापाच्या आधीच वारला, त्यामुळे आजोबांमागून थेट नातू, इंद्र तिसरा, गादीवर बसला. शिलालेखातला कृष्ण तिसरा हाही याच जगत्तुंगाचा नातू. म्हणजे ज्याला गादी मिळाली नाही, त्याचंही नाव या तळ्याशी जुळतं.

तळं आधी, किल्ला नंतर

कंधारला येणारा प्रत्येक जण किल्ल्यात शिरतो, फोटो काढतो आणि परततो. माझा आग्रह उलटा आहे. आधी तळ्यावर जा. कंधारचा किल्ला भुईकोट. ना डोंगर, ना कडा. अशा किल्ल्याचा डोंगर म्हणजे खंदक, आणि खंदकात पाणी नसेल तर तो नुसता खड्डा. कंधारच्या खंदकात पाणी येतं ते याच जगत्तुंग सागरातून. तळं हे या किल्ल्याचं पोट आहे, तट ही त्याची कातडी.

तरीही हा किल्ला पडला. मे १६३१ मध्ये शाहजहानचा सरदार नसिरी खान याने वेढा घालून, सुरुंग लावून तो निजामशाहीकडून घेतला. मे महिना म्हणजे मराठवाड्यातली तळी तळाला जाण्याचा महिना, हेही लक्षात ठेवा.

आणि आता खरी मजा. या वेढ्याचं चित्र आहे! शाहजहानच्या ‘पादशाहनामा’ या सचित्र हस्तलिखितात पयाग नावाच्या चित्रकाराने ते रंगवलं. अवधच्या नवाबाकडून १७९९ मध्ये ते हस्तलिखित इंग्लंडच्या राजाकडे भेट म्हणून गेलं आणि आज विंडसर किल्ल्यात आहे. पण चित्राचं नाव वाचून जगभरातले बरेच लोक अफगाणिस्तानात पोचतात, कारण फारसीत दोन्ही गावं ‘कंदहार’च. तर कुणी ते चित्र दाखवलं की ठणकावून सांगायचं: हे आमचं, नांदेड जिल्ह्यातलं!

पन्नास फुटी राखणदार

कंधारजवळ मानसपुरीला एका प्रचंड क्षेत्रपाळाच्या मूर्तीचे तुकडे मिळाले. मूर्ती अखंड असती तर पन्नास फुटांच्या पुढे भरली असती, असा अभ्यासकांचा अंदाज. क्षेत्रपाळ म्हणजे शेताशिवाराचा राखणदार. समुद्र म्हणावं एवढं तळं आणि त्याच्या शिवाराला एवढा राखणदार, हे माप एकमेकांना शोभतं. तिथले पावलाचे दगड पाहिले की मान आपोआप वर जाते आणि वर फक्त आभाळ असतं.

कंधारचं नाव तेलंगणातही घुमलं. वरंगळच्या काकतीयांचा मूळपुरुष कंधारपुराचा, अशी कथा सिद्धेश्वरचरित्रात आहे. याच काकतीयांच्या काळात पाखाल आणि रामप्पा ही मोठाली तळी झाली. रामप्पा मंदिर १२१३ चं, २०२१ पासून जागतिक वारशात. कथा खरी असो नसो, तळी बांधण्याचं वेड दोन्हीकडे सारखं!

लातूरची गाडी

राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवायचे. लट्टलूर म्हणजे लातूर. ज्या गावाचं नाव राजे अभिमानाने लावत, त्या गावाला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ची पहिली खेप पाच लाख लिटरची. दहा वाघिणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. हे मी मजेसाठी सांगत नाही. कंधारच्या पाळीची किंमत कळायला याच्याएवढा चांगला हिशेब दुसरा नाही.

आणि आमचं किनवट

किनवटकरांना जिल्ह्याचं दुसरं टोक म्हणजे कंधार. आम्ही तर नांदेड जिल्ह्यात आलोच १९५६ मध्ये. त्याआधी किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राजुराही तिकडूनच आमच्यासोबत आला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरकडे गेला. १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला तेव्हापासून पैनगंगेच्या एका काठावर इंग्रजी अंमल, दुसऱ्या काठावर निजामी. माहूरच्या गडावरची रेणुकामाता मात्र दोन्ही काठांची. वऱ्हाडातले भक्त नदी ओलांडून माहूरला येतच राहिले.

त्याच सीमेच्या नदीवर पुढे, १९८२ च्या सुमारास, इसापूर धरण उभं राहिलं. विदर्भ आणि मराठवाडा यांचं सामाईक तळं! उपयुक्त साठा ९६४ दलघमी. पावसाळ्यात रोज पेपरात येणारा हा शब्द म्हणजे दशलक्ष घनमीटर, एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. लातूरच्या त्या पहिल्या गाडीने हे धरण रिकामं करायचं ठरवलं तर एकोणीस लाखांहून अधिक खेपा लागतील. तळ्याचा काही भाग २०१४ पासून पक्षी अभयारण्य आहे.

एक खबरदारी नवख्यांसाठी. इसापूर आणि इस्लापूर यांची गल्लत करू नका. इसापूर वर, धरणाचं. इस्लापूर खाली किनवट तालुक्यात, सहस्रकुंड धबधब्याजवळचं. पण दोघांचं नातं पाण्याचंच आहे. इसापूरची दारं उघडली की आधी उमरखेड, हदगाव, हिमायतनगर भागातल्या नदीकाठच्या गावांना सावध करतात. मग पाणी सहस्रकुंडाच्या काळ्या खडकावर येऊन कोसळतं, तुषार पार पुलापर्यंत उडतात, आणि पैनगंगा किनवटकडे निघते.