शनिवारी रात्रीच का रे अडतोस?

शनिवारची रात्र, साडेदहा. अर्धं मालाड लिंक रोडच्या मॉल्समध्ये, उरलेलं मार्वेच्या वाटेवर. आणि मी? एव्हरशाइन नगरातल्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये, कानाला हेडफोन, समोर ‘व्हॅलोरंट’. पलीकडून, म्हणजे हिंजवडीहून, माझा धाकटा भाऊ ओरडतोय, "तायडे, डावीकडे बघ, डावीकडे!" मी बघते. म्हणजे बघायला जाते, आणि चित्र अडखळतं. दोन-तीन सेकंद एकामागोमाग एक फोटो पाहिल्यासारखं वाटतं, मग सगळं पुन्हा स्मूद. तोवर मी मेलेली असते.

जूनपासून हे चालू होतं. एरवी सेकंदाला दोनशेच्या आसपास असणाऱ्या फ्रेम्स अचानक पंचविसावर यायच्या. बरं, रोज नाही, म्हणून तर डोक्याला शॉट! बुधवारी मी एकटी खेळायला बसले की हेच मशीन पाहुण्यांसमोरच्या मुलासारखं गुणी. भावाने आधी चेष्टा केली. मग एका शनिवारी म्हणाला, "राहू दे ना ताई, तुला नाही जमत तर." पुढच्या शनिवारी तो ऑनलाइन आलाच नाही. आता तुम्ही म्हणाल, गेमच तर आहे. पण फोनवर आमची गाडी ‘जेवलास का’च्या पुढे जात नाही हो. त्याचा बॉस, त्याचं ब्रेकअप, आईचे गुडघे, हे सगळं आम्ही बोलतो ते एकमेकांना गोळ्यांपासून वाचवता वाचवता.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने तर मशीन न बघताच निकाल दिला, "मॅडम, कार्ड गेलं. नवीन टाका, तीस हजारात बसेल." तीस हजार! फ्रीलान्सरचा चेक किती महिन्यांनी येतो हे त्या माणसाला कोण सांगणार?

मग ठरवलं, स्वतःच बघू. पहिला संशय अर्थातच इंटरनेटवर. पण इथे बरेच जण गल्लत करतात. नेट अडलं की समोरचा खेळाडू उड्या मारत सरकतो, तुमचा माउस मात्र मऊसूत फिरतो. माझा तर माउसच चिखलात रुतल्यासारखा व्हायचा आणि पिंगचा आकडा जागचा हलायचा नाही. म्हणजे भानगड घरातच होती.

दुसरा संशय सॉफ्टवेअरवर. तो अगदीच वेडगळ नव्हता. २०२२ मध्ये एएमडीने स्वतःच कबूल केलं होतं की त्यांच्या काही प्रोसेसरवर सुरक्षेच्या एका भागामुळे विंडोज मधूनमधून अडखळतं. बायॉस अपडेट करून ते मिटलं. माझा प्रोसेसर इंटेलचा, त्यामुळे तो रस्ता बंद. ग्राफिक्स ड्रायव्हर मुळापासून काढून पुन्हा टाकला, बॅकअप आणि अपडेट बंद केले. फरक शून्य.

तिसरी थिअरी माझ्या रूममेटची. ती माइंडस्पेसमध्ये नोकरीला. तिथे शेजारीच चिंचोली बंदरचं जुनं डम्पिंग ग्राउंड होतं आणि त्यातून निघणाऱ्या वायूंमुळे ऑफिसांमधले कम्प्युटर नि एसी सारखे बिघडतात, अशा बातम्या २००० च्या दशकात गाजल्या होत्या. कचरा कुजताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्याने तांबं आणि चांदी काळी पडते, हे खरंच. "मालाडची हवाच तशी आहे," ती म्हणाली. आम्ही कॅबिनेट उघडलं. काळं काही नव्हतं, पण समोरच्या रिडेव्हलपमेंटची धूळ मात्र पंख्यांवर गोधडीसारखी बसलेली! ब्लोअर मारला, रॅमचे पाय खोडरबराने पुसले. कार्डाचं तापमान सात-आठ अंशांनी उतरलं. मी खूश. शनिवारी रात्री पुन्हा तेच.

मग मात्र नोंद ठेवायला लागले. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी एक गोष्ट नीट मांडली होती: सेकंदाला सरासरी किती फ्रेम्स आल्या यापेक्षा प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते बघा. साठ फ्रेम्स म्हणजे प्रत्येकीला साधारण १६.७ मिलिसेकंद. त्यातली एकच फ्रेम दोनशे घेऊन बसली तर सरासरीत ती लपते, डोळ्याला मात्र टोचते. सरासरी पगारासारखंच आहे ते, बॉसचा धरून काढलेल्या! मी ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं आणि खेळताना दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये उतरवायला लावले.

रविवारी सकाळी चहा घेत ती फाइल उघडली. गेम अडतो त्या क्षणी ग्राफिक्स कार्ड जेमतेम वीस टक्के कामात. म्हणजे ते दमलेलं नव्हतं, कामाची वाट बघत हातावर हात ठेवून बसलं होतं. तीस हजार वाचले! खरी गंमत प्रोसेसरची. चार गिगाहर्ट्झवर पळणारा हा बाबा धाडकन ०.८ वर. त्याचं स्वतःचं तापमान? फक्त ६८. मग घाबरला कशाला? त्याच ओळीत पुढे ‘व्हीआर थर्मल’च्या खाली ‘येस’ लिहिलेलं होतं.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी वीज बारीक करून देणारे छोटे चौकोनी तुकडे असतात. स्वस्तातल्या बोर्डवर त्यांच्या डोक्यावर साधा अॅल्युमिनियमचा ठोकळाही नसतो. माझ्याही नव्हता. पैसे वाचवायला मीच तो बोर्ड निवडला होता. हे तुकडे फार तापले की बोर्ड प्रोसेसरला ब्रेक मारायला लावतो, थोडे निवले की सोडतो. म्हणून ते दोन-तीन सेकंद.

पण शनिवारीच का?

उत्तर माझ्या मागे दोरीवर लटकत होतं. शनिवार हा आमचा चादरी धुण्याचा दिवस. उन्हाळ्यात त्या खिडकीच्या ग्रिलवर वाळतात. पाऊस सुरू झाला की घरात दोरी, आणि घरात दोरीला जागा एकच, माझ्या टेबलामागे. डबल बेडची ओली चादर थेट कॅबिनेटच्या पाठीवर, गरम हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यावर!

खात्री करायला मंगळवारी मुद्दाम कोरडी चादर टाकली आणि खेळायला बसले. बाविसाव्या मिनिटाला चित्र अडलं. चादर ओढून काढली, दहा मिनिटांत सगळं ठीक. आयुष्यात इतका आनंद मला एखादी गोष्ट बिघडल्याचा कधी झाला नव्हता.

साडेसहाशे रुपयांचा एक पंखा आणून त्या तुकड्यांवर वारा येईल असा बसवला. गेममध्ये फ्रेम्सना १४४ ची मर्यादा घातली. माझा मॉनिटर त्याच्यापुढे दाखवतच नाही, उगाच प्रोसेसर कशाला पळवायचा? (हे मात्र तुम्ही आजच करा, पैसे पडत नाहीत.)

भावाला व्हॉट्सअॅपवर फक्त तो आलेख पाठवला, वर एक शब्दही न लिहिता. शनिवारी दहाला तो ऑनलाइन होता. तिसऱ्या राउंडला म्हणाला, "तायडे, चादर?" मी म्हटलं, "हो रे." मग बराच वेळ हसत होता, आणि हसता हसता सांगून टाकलं की तो नोकरी सोडायचा विचार करतोय. आम्ही ती मॅच हरलो.

रूममेट दारात उभी होती, हातात ओली चादर. "ते सगळं ठीक आहे गं," ती म्हणाली, "पण आता ही वाळत घालू कुठे?"