बुडावरची मुद्रा आणि फुलदाणीचे मोल

मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची जहाजे एकोणिसाव्या शतकात कापूस व अफू घेऊन कँटनला जात आणि परतताना जो माल आणीत त्यात चिनी मातीची भांडीही असत. तेव्हा अशा एखाद्या घराण्यातील उंच, निळ्या नक्षीची फुलदाणी वारसाहक्काने किंवा लिलावातून ज्याच्या हाती येते, तो प्रथम ती उपडी करून बुडावरची अक्षरे न्याहाळतो, हे स्वाभाविकच आहे. कोणा जाणत्याने ती अक्षरे ‘कांगशी’ अशी वाचून दाखविली, की वस्तू त्या सम्राटाच्या १६६२ ते १७२२ या अमदानीतील ठरली असे मानून तो किमतीचे मनोरे रचू लागतो. हा आनंद बहुधा अकाली ठरतो.

कारण पूर्वकालीन सम्राटाची मुद्रा उमटविण्याचा प्रघात चीनमध्ये पुरातन असून, त्यामागे नेहमी लबाडीच असे असे नाही, पुष्कळदा पूर्वसूरींविषयीचा आदर असे. खुद्द कांगशीच्या कारकिर्दीत, १६७७ साली, जिंगदेझेनच्या भट्ट्यांवर हुकमत असलेल्या स्थानिक अंमलदाराने विद्यमान बादशहाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली. त्या काळातील कितीतरी भांड्यांवर दोन शतके मागच्या चेंगहुआ सम्राटाची मुद्रा आढळते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मालावर कांगशीची. मुद्रा ही पक्षकाराची कैफियत होय, निवाडा नव्हे.

म्हणून मुरलेला पारखी मुद्रा सर्वांत शेवटी वाचतो. बुडाच्या कडेवर, जेथे झिलई नसते तेथे, उघड्या मातीचा पोत व रंग तो पाहतो. आत हात घालून, मोठे भांडे खंडाखंडांनी घडवून जोडल्याचा सांधा चाचपतो. कड खरोखर वापराने ओबडधोबड झिजली आहे की कोणी ती सारखी घासली आहे याची खातरजमा करतो. आणि अतिनील दिव्याखाली धरून दडविलेली डागडुजी उघडी पाडतो. बुडावर इंग्रजीत ‘चायना’ असे असल्यास प्रकरण लवकर निकालात निघते, कारण अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले.

उलट, खरे बोलणाऱ्या लेखावरही विश्वास बसत नाही, असे घडले आहे. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या सर पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहातील दोन फुलदाण्यांच्या मानेवर १३५१ ची तिथी लिहिलेली होती. परंतु त्या युआन राजवटीच्या काळी इतकी प्रगल्भ निळी नक्षी असू शकत नाही असा तत्कालीन विद्वानांचा ग्रह असल्याने, त्या फुलदाण्यांचा अस्सलपणा पटण्यास काळ जावा लागला. आज ती जोडी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा कालनिर्णय तिच्या आधाराने होतो.

किंमत मात्र सत्याची नेहमीच अनुचर नसते. २०२२ साली फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे, विसाव्या शतकातील म्हणून दीड ते दोन हजार युरोंचा अंदाज केलेली फुलदाणी सत्त्याहत्तर लाखांवर गेली. तर २०१० मध्ये लंडनच्या उपनगरात चार कोटी तीस लाख पौंडांची बोली लागलेल्या फुलदाणीचे पैसे खरेदीदाराने भरलेच नाहीत.

हे आकडे वाचून येथील फुलदाणीचे मोल कोणी करू नये. कारण शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही भारताच्या १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते, आणि खासगी मालकास ती विक्रीसाठी परदेशी पाठविता येत नाही.