मोह वेचायला जाताय? अस्वलाचं भान ठेवा

मार्च-एप्रिलात मोह गळू लागला की टिपेश्वर, पैनगंगा अभयारण्यांलगतच्या गावांतली माणसं पहाटेच टोपली घेऊन निघतात. अस्वलही तेव्हाच मोहाखाली असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे बंदुकीचा विषयच नाही. सावधपणा हेच हत्यार.

अस्वलाचं नाक तिखट, नजर मात्र अधू. खाण्यात गुंगलं की माणूस पार जवळ येईस्तोवर त्याला पत्ता लागत नाही. मग दचकतं आणि थेट तोंडावर, डोक्यावर झडप घालतं. म्हणून एकट्याने जाऊ नका. मोठ्याने बोलत, काठी आपटत चला. नीट उजाडल्याशिवाय झाडाखाली वाकू नका. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं तर तिथूनच मागे फिरा. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी तर सगळ्यात धोक्याची!