शहादा की शहादे?

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एक जुना वाद आहे. शहादा म्हणायचं की शहादे? तळोदा की तळोदे? सरकारी पाटीवर पहिलं रूप, अनेक मराठी पुस्तकांत दुसरं. दोन्ही बाजू म्हणतात, आमचंच शुद्ध.

पण गंमत पाहा. ‘शहाद्याला जाऊन येतो’, ‘तळोद्याची एसटी लागली’ असं आपण म्हणतो तेव्हा हा वाद कुठे जातो? ‘शहादा’ पुल्लिंगी, ‘शहादे’ धुळे-पुण्यासारखं नपुंसकलिंगी. पण प्रत्यय लागला की दोघांचंही ‘शहाद्या’ होतं. म्हणजे भांडण बोलण्यात कमी, पाटीवर जास्त.

दुसरा घोटाळा रोमन लिपीचा. तिथे ल आणि ळ एकच, द आणि डसुद्धा एकच. बाहेरून बदली होऊन आलेला माणूस तळोद्याला ‘तालोडा’ करतो, धडगावला ‘धादगाव’. ही चूकच आहे. पण एकदा सांगितलं की सुटते.

तिसरी गोष्ट वेगळी. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळा म्हणजे डोया, जळगाव म्हणजे जयगाव. हा त्या बोलीचा नियम आहे. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एका विद्यार्थ्याला भर वर्गात टोकलं, ‘जयगाव नव्हे, जळगाव!’ वर्ग हसला. पुढे वर्षभर त्या मुलाने वर्गात तोंड उघडलं नाही. तो नियमानेच बोलत होता; नियम माहीत नव्हता तो आम्हाला.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1843 च्या ग्रंथात डार्टमथ गावाचं उदाहरण दिलं आहे. डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून हे नाव. पण उद्या नदीने पात्र बदललं तरी नाव चुकीचं ठरत नाही, कारण नावाचं काम गाव दाखवणं. आम्ही एवढंच जोडू की त्या नावात अक्षरं ‘माउथ’ची आहेत, लोक मात्र ‘मथ’ म्हणतात. इंग्रजांनीही अक्षरापेक्षा गावकऱ्यांचं तोंड प्रमाण मानलं.

अर्जावर, दाखल्यावर एकच रूप हवं, हे मान्य. पण बोलताना कुणाला टोकण्याआधी स्वतःला विचारू या: हा उच्चार माहिती नसल्यामुळे आला, की त्याच्या घरच्या बोलीतून? पहिला असेल तर जरूर सांगावं. दुसरा असेल तर आपण ऐकावं.