उघडे नळ आणि भिंतीवरील कपाटे

स्वयंपाकघरात भिंतीवर कपाट बसवताना पाण्याचा उघडा नळ आडवा आला, की दोन उपाय सहज सुचतात. नळ भिंतीत गाडावा, किंवा कपाटाच्या फळीला जेमतेम नळाएवढे भोक पाडून तो आत घ्यावा. पहिला उपाय खर्चाचा आहे आणि दुसरा धोक्याचा. नळ ही निश्चल काठी नव्हे. तो उष्णतेने लांबतो, पाण्याच्या धक्क्याने हादरतो, दमट हवेत ओलावतो आणि केव्हा ना केव्हा दुरुस्तीस येतो. म्हणून नळाचे हे गुणधर्म ओळखूनच कपाटाची रचना केली पाहिजे.

नळ उघडा असण्याचा लाभ

बंगळूरच्या ईशान्येस सुमारे 40 किलोमीटरांवर असलेल्या देवनहळ्ळीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. गावापासून जवळच असलेल्या नंदी डोंगराच्या परिसरात अर्कावती, दक्षिण पिनाकिनी आदी नद्या उगम पावतात. परंतु उगमापाशी बारमाही प्रवाह नसल्याने हा भाग दीर्घकाळ विंधन-विहिरींवर अवलंबून राहिला आहे. कठीण खडकांच्या भेगांतून येणाऱ्या अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. हे जड पाणी तापवले, की त्यातील चुना वेगळा होऊन नळाच्या आतील बाजूस थर धरतो आणि नळाचा मार्ग हळूहळू अरुंद होतो. असा नळ पुढेमागे उघडावा किंवा बदलावा लागतो. तो भिंतीत असेल तर भिंत फोडावी लागते. बाहेर असेल तर जोड सैल केला की पुरते. तेव्हा उघडा नळ डोळ्यांना खटकला, तरी त्याची सोय मोठी आहे. कपाटामुळे ती सोय नाहीशी होता कामा नये.

नळ का हलतो?

तीन मीटर लांबीच्या नळाचे तापमान 40 अंश सेल्सियसने वाढले, तर लोखंडी नळ सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. गरम पाण्यासाठी वापरण्यात येणारा सीपीव्हीसी प्लास्टिकचा तेवढाच नळ मात्र सुमारे आठ मिलिमीटर लांबतो. फळीने तो घट्ट आवळला असेल, तर या वाढीचा ताण जोडांवर पडतो व कालांतराने जोड पाझरू लागतो. तोटी एकाएकी बंद केली असताना वाहत्या पाण्याचा वेग अडून नळाला जो धक्का बसतो, त्यानेही नळ लाकडावर आपटतो. नळ स्वतःच्या पकडींनी भिंतीला पक्का धरलेला असावा. कपाटाचा भार त्याच्यावर कधीही टाकू नये.

छुपी ओल

नळातील पाणी पुरेसे थंड असेल, तर दमट हवेतील बाष्प नळाच्या पृष्ठावर थेंबांच्या रूपाने जमते. स्वयंपाकाच्या वाफेने हा संभव वाढतो. गळतीचा धोका तर याहून मोठा. सेकंदाला एक थेंब एवढीच गळती असली, तरी दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. उघड्या भिंतीवर ते लगेच दिसते. बंद कपाटामागे मात्र फळी फुगेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अशा ठिकाणी भुशाच्या दाबीव फळ्या टाळाव्यात आणि जलरोधक प्लायवुड वापरावे.

माप आणि कापणी

प्रथम भिंतीवर ओळंब्याने एक उभी रेषा व पाणसळीने एक आडवी रेषा आखावी. या दोन रेषांपासून नळाच्या मध्याचे अंतर वर, मध्ये आणि खाली मोजावे. नळ पूर्ण सरळ आहे असे गृहीत धरू नये. मग जाड कागदाचा नमुना कापून तो नळाभोवती बसवून पाहावा. फळीला गोल भोक पाडण्याऐवजी मागच्या कडेपासून आत जाणारी खाच ठेवावी, म्हणजे नळ न उघडताच कपाट बसवता व काढता येते. नळाच्या दोन्ही बाजूंस व पुढे सुमारे 10 मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. कापलेल्या कडांतूनच लाकूड अधिक पाणी शोषते. त्यांना रंगाचे किंवा व्हार्निशचे दोन हात द्यावेत. जिथे जोड किंवा झडप असेल, तिथे स्क्रूने काढता येईल अशी पाठफळी ठेवावी.

भिंतीला भोके पाडताना विशेष सावधगिरी हवी. बाहेरचा नळ जिथे भिंतीत शिरतो, तिथून तो बहुधा सरळ वर, खाली किंवा आडवा पुढे जातो. त्या ओळीत, तसेच विजेच्या बटणांच्या वर वा खाली, भोक पाडू नये. भांड्यांनी भरलेल्या कपाटाचे वजन डोक्यावर असते. ते पेलणारे खिळे ठिसूळ गिलाव्यात नव्हे, तर विटेत किंवा दगडात खोल रुतलेले असावेत.

शेवटची तपासणी

भांडी मांडण्यापूर्वी गरम पाणी काही वेळ वाहू द्यावे, तोटी बंद करावी आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवावा. कागद कोरडा राहिला आणि नळ कुठेही फळीला टेकला नाही, तर काम चोख झाले असे समजावे. हीच तपासणी दर पावसाळ्यात एकदा केल्यास छोटी गळती वेळीच सापडते आणि कपाट व भिंत दोन्ही सुरक्षित राहतात.