जुनी मिती आणि डेटाबेसमधला तारखेचा रकाना

घराण्यांची दप्तरं, देवस्थानांच्या वह्या, मोडी पत्रं यांच्या याद्या आता बरीच मंडळी संगणकावर करू लागली आहेत. यादीत ‘तारीख’ हा रकाना असतोच आणि सर्वांत जास्त घोटाळा त्यातच होतो. कारण हा रकाना आजच्या पावत्या आणि बिलांसाठी बनवलेला आहे, मोडी कागदावरच्या मितीसाठी नाही.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. जेधे शकावलीत शिवराज्याभिषेकाची नोंद शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी आहे. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती. इंग्रजी तारीख ६ जून १६७४, पण वार येतो शनिवार! इथे कोणीच चुकलेलं नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटं. तेवढा अवकाश सूर्योदयाला होता, म्हणून शुक्रवार. इंग्रजी दिवस मात्र मध्यरात्रीच बदलला होता. तिथीचंही तसंच: सूर्योदयाला द्वादशी, पण प्रत्यक्ष त्या घटकेला त्रयोदशी लागलेली.

आता ‘६ जून १६७४’ डेटाबेसच्या तारखेच्या रकान्यात भरा आणि वार विचारा. उत्तर येईल बुधवार! बहुतेक डेटाबेस आजचं ग्रेगोरियन कॅलेंडरच मागे ओढत नेतात. इंग्रजांनी ते स्वीकारलं सप्टेंबर १७५२ मध्ये. त्याआधीची त्यांची तारीख ज्युलियन, म्हणजे सतराव्या शतकात दहा दिवस मागे. ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १६ जून. पोर्तुगालने हे कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं. म्हणून त्या काळी गोव्याचा पोर्तुगीज कागद आणि सुरतेच्या इंग्रज वखारीचं पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं, तरी तारखांत दहा दिवसांचं अंतर दिसतं.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या कागदांत आणखी एक मेख आहे. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात सुरू होतो, उत्तरेत चैत्रात. ‘संवत १८१७, श्रावण’ एवढंच लिहिलं असेल, तर उत्तरेच्या हिशेबाने ते १७६० साल आणि गुजरातच्या हिशेबाने १७६१. मधल्या जानेवारीत पानिपत झालं! म्हणजे कागद पानिपताआधीचा की नंतरचा, हे तो कुठल्या गावी लिहिला यावर ठरतं. महिन्याचंही तेच. आपली श्रावण वद्य अष्टमी उत्तरेत भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. पेशवाईतल्या पत्रांत शुहूर सन असतो. तो मृगाला सुरू होतो. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन निघतो.

मग करायचं काय? एका रकान्याचे पाच रकाने करा.

१. मूळ मिती: कागदावर जशी आहे तशी, अक्षरशः, साध्या मजकुरात. ती कधीही ‘सुधारू’ नका.
२. कालगणना: शालिवाहन शक, कार्तिकादी संवत, चैत्रादी संवत, शुहूर, फसली, हिजरी, ज्युलियन. महिना अमान्त की पूर्णिमान्त, तेही इथेच.
३. पासून: शक्य असलेली सर्वांत आधीची ग्रेगोरियन तारीख.
४. पर्यंत: सर्वांत नंतरची.
५. रूपांतर कोणी, कशावरून केलं.

तारीख पक्की असेल तर तिसऱ्या-चौथ्या रकान्यात एकच दिवस येईल. नुसतं साल माहीत असेल तर १ जानेवारी लिहून मोकळं होऊ नका. पुढचा अभ्यासक ती खरी तारीख समजेल. तारखा वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, म्हणजे क्रमवारी बिघडत नाही. एक्सेल वापरत असाल तर ध्यानात ठेवा, १९०० च्या आधीची तारीख त्याला तारीख म्हणून कळतच नाही.

वेळेचा रकाना वेगळा हवा. घटका-पळं तशीच ठेवा. विसाव्या शतकातल्या कागदावर ‘सकाळी १०’ असेल, तर ती कुठली वेळ हेही नोंदवा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईची स्वतःची वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं चालू होती आणि ती ३९ मिनिटं मागे होती.

रूपांतर चुकलं तर ते उद्या कोणीही दुरुस्त करील. पण मूळ मिती पुसून नुसती इंग्रजी तारीख ठेवली आणि पुढे कागदाला कसर लागली, तर दुरुस्त करायला हाती काहीच उरत नाही. म्हणून बाकीचे रकाने रिकामे राहिले तरी चालतील, पहिला रकाना भरलेलाच हवा.