अँटेना फायबरचा की धातूचा?



आपलं केंद्र तुमच्या घरापर्यंत पोचतं ते खांबावरच्या अँटेनामुळे. आज अशाच एका अँटेनाविषयी बोलू या, पण तो आहे अमेरिकेतल्या शेतघरांवरचा.

तिथे १९५८ पासून २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सीबी रेडिओ चालतो. ट्रकवाले, शेतकरी त्यावर एकमेकांशी बोलतात. एकूण ४० चॅनेल आहेत, त्यातलं ९ नंबरचं संकटातल्या मदतीसाठी राखलेलं आहे. नेहमीच्या संचाची ताकद फक्त ४ वॅट, म्हणजे छोट्या एलईडी बल्बाएवढी. म्हणून सगळी भिस्त अँटेनावर.

घरावरचा अँटेना उभ्या काठीसारखा असतो. अर्ध्या लहरीचा घेतला तर साधारण १८ फूट. तो फायबरग्लासचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

आधी एक गैरसमज काढू. फायबरग्लासमधून वीज जात नाही. लहरी सोडते ती आतली तांब्याची तार, फायबर हे तिचं फक्त कवच. त्यामुळे लांबी, प्रकार आणि उंची सारखीच असेल, तर आवाज पोचण्यात फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो टिकण्यात. फायबर गंजत नाही, खाऱ्या हवेत चांगला टिकतो, वाऱ्यात लवतो. पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने वरचा थर झिजतो, बारीक तंतू निघून हातात कुसळासारखे रुततात. आतली तार तुटली तर दुरुस्ती अवघड. ॲल्युमिनियमचा अँटेना एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा असतो. लांबी कमी-जास्त करून नीट जुळवता येतो, वाकलेली नळी बदलता येते. मात्र सांध्यांवर थर चढतो, पट्ट्या ढिल्या होतात. ते अधूनमधून साफ करून आवळावे लागतात.

आता जिवाची गोष्ट. अँटेना चढवता-उतरवताना तो विजेच्या तारेला लागून तिथे माणसं दगावली. म्हणून १९८२ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नियम केला: अँटेना १४,५०० व्होल्टपर्यंतच्या तारेला लागला, तरी हातातल्या खांबातून घातक प्रवाह उतरता कामा नये. त्याआधीच्या जुन्या अँटेनाला हे संरक्षण असेलच असं नाही. आणि फायबरचा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आत तार आहे, खाली खांब लोखंडी आहे.

म्हणून जागा निवडताना खांब आणि अँटेना मिळून जेवढी लांबी, त्याच्या दुप्पट अंतर तारेपासून ठेवावं. म्हणजे तो आडवा पडला तरी तारेला लागणार नाही.

हा हिशेब आपल्याही कामाचा आहे. आपल्या शेतांवरून ११ हजार व्होल्टच्या तारा जातात. बोअरचा पाइप उभा करताना, शिडी लावताना, लांब काठीने आंबे काढताना आधी वर बघा. कुणी तारेला चिकटलंच, तर त्याला हात लावू नका. लांब राहा, १९१२ वर फोन करून लाइन बंद करायला सांगा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरावरून, गोठ्यावरून कोणती तार जाते ते सांगावं.